कंपनीच्या खर्चाने केलेली संपूर्ण शरीर तपासणी : एका लाभार्थीचा अभिप्राय

आमच्या कंपनीत वयाची चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा संपूर्ण शरीर तपासणीचे कूपन मिळते. बाहेरून गेल्यास साडेनऊ हजार रुपयांना पडणारे हे पॅकेज कंपनीने घाऊक दराने घेतलेले असते; आपण फक्त पोर्टलवर जाऊन तारीख निवडायची. मी तीन वर्षे ही कूपने वाया घालवली. चौथ्या वर्षी गेले, तेही प्रकृतीच्या काळजीने म्हणता येणार नाही. मुदत ३१ मार्चला संपत असल्याची तिसरी आठवण आली आणि फुकट मिळालेली वस्तू वाया जाऊ द्यायची नाही, हे घरचे वळण जागे झाले.

केंद्राचे नाव मुद्दामच देत नाही. पुण्यात बाणेर ते वाकड या पट्ट्यात अशी बरीच केंद्रे आहेत, पॅकेज सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखेच असते, आणि माझी जी तक्रार आहे ती एका केंद्रापुरती नाही. ज्यांचे कूपन पडून आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

माझ्याविषयी थोडे सांगणे भाग आहे, नाहीतर पुढचे आकडे अधांतरी राहतील. वय ४४, हिंजवडीतील एका माहिती-तंत्रज्ञान कंपनीत डिलिव्हरी मॅनेजर, नोकरीला २१ वर्षे. माझ्याकडे दोन ग्राहक होते. एक तोक्योचा आणि दुसरा न्यूयॉर्कचा. तोक्योत सकाळचे ९ वाजतात तेव्हा पुण्यात साडेपाच झालेले असतात, आणि न्यूयॉर्कची मंडळी दुपारचे जेवण आटोपून जागेवर येतात तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजतात. मधला वेळ कार्यालयाचा. हे दोन्ही ग्राहक कोणी माझ्या गळ्यात बांधले नव्हते. बढतीच्या वेळी मीच मागून घेतले होते, आणि मिळाले तेव्हा पेढेही वाटले होते.

तारीख रविवारची मिळाली. आठवड्यात कोणाला वेळ नसतो आणि शनिवार महिनाभर आधीच भरलेले असतात, म्हणून हे केंद्र रविवारी सकाळी ७ ते ११ खास कंपन्यांच्या लोकांसाठी उघडे ठेवले जाते. बारा तास उपाशी राहून साडेसातला पोहोचायचे असते. प्रवेशाची व्यवस्था नेटकी आहे, हे मान्य केले पाहिजे. कूपनावरचा कोड दाखवला की मनगटाला निळा पट्टा बांधतात, पर्स आणि चपला ठेवायला कुलपाचा कप्पा देतात, आणि एक फाइल हाती येते, जिच्यावर प्रत्येक खोलीसाठी एकेक चौकट आखलेली असते. प्रत्येक खोलीतून बाहेर पडताना त्या चौकटीत शिक्का. कोणाला विचारत हिंडावे लागत नाही.

बसण्याच्या हॉलमध्ये चेअर-कारसारख्या खुर्च्या आहेत. प्रत्येक खुर्चीला चार्जिंगची सोय आणि पुढे ओढता येणारी लहानशी फळी. वाय-फायचा पासवर्ड भिंतीवर लावलेला आहे, लघवीच्या नमुन्याच्या सूचनेशेजारी आणि तिच्याहून मोठ्या अक्षरांत. पहिल्या क्षणी मला या व्यवस्थेचे कौतुक वाटले. मग मान वर करून पाहिले, तर हॉलमधल्या एकोणीस माणसांपैकी अकरा जणांनी लॅपटॉप उघडले होते. रविवारची सकाळ, पोटात अन्नाचा कण नाही, मनगटाला निळा पट्टा, आणि समोर कोणाचा तरी एक्सेलचा तक्ता. बारावा लॅपटॉप माझा होता.

छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढण्याच्या खोलीत माझ्या आधी एक गृहस्थ होते. पडद्यापलीकडून त्यांचा आवाज येत होता. छातीला वायरी लावलेल्या, आणि कानाला फोन. तंत्रज्ञ मुलगी म्हणाली, "सर, फोन ठेवा, पट्टी हलते आहे." ते म्हणाले, "दोनच मिनिटे, हा कॉल संपतोच आहे." त्यांची पट्टी तीनदा काढावी लागली. मला हसू आले, आणि अर्ध्या तासाने सोनोग्राफीच्या दाराशी माझीच पाळी आली. पोटाच्या सोनोग्राफीसाठी मूत्राशय भरलेले लागते, म्हणून चार ग्लास पाणी पिऊन बसले होते. तेवढ्यात एका रिलीजला, म्हणजे ग्राहकाकडे जाणाऱ्या नव्या सॉफ्टवेअरला, मंजुरी देण्याचा निरोप आला. मांडीवर लॅपटॉप, पाय घट्ट जुळवलेले, अशा अवस्थेत मी चाचणी अहवाल उघडून वाचत राहिले आणि माझा क्रमांक दोनदा पुकारला गेला तो ऐकलाच नाही. नियमाप्रमाणे मला रांगेच्या शेवटी पाठवले. त्यापुढची चाळीस मिनिटे कशी काढली ते लिहिण्याजोगे नाही. दोष केंद्राचा नव्हता, हे स्पष्ट करते.

कर्मचाऱ्यांना पूर्ण गुण द्यायला हवेत. रक्त घेणाऱ्या मुलीला शीर पहिल्याच प्रयत्नात सापडली, आणि बोलता बोलता सुई कधी निघाली ते समजले नाही. मॅमोग्राफीला महिला तंत्रज्ञ होती. कोठे दाब पडेल, किती सेकंद पडेल, हे आधी सांगून मगच ती यंत्राला हात लावत होती. नाश्त्याला पोहे किंवा इडली असा पर्याय होता. पोहे गार होते.

ट्रेडमिलवरच्या तपासणीविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण सगळ्यांना भीती तिचीच असते. सरकत्या पट्ट्यावर चालायचे. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ दोन्ही वाढतात. २२० मधून वय वजा करून येणाऱ्या आकड्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत नाडी जाऊ द्यायची असा साधारण संकेत असतो. माझ्या बाबतीत तो आकडा १५० च्या आसपास. मी तिथपर्यंत पोहोचले, धाप लागली, पण आलेखात दोष निघाला नाही. या तपासणीला सगळे 'स्ट्रेस टेस्ट' म्हणतात. बाहेर येऊन शिक्का मारून घेताना मनात आले, की इथे पट्ट्यावर चढल्यानंतरचा ताण मोजतात. पट्ट्यावरून उतरून फोन हातात घेतल्यानंतरचा मोजणारे यंत्र या इमारतीत कोठे आहे, ते कोणाला विचारावे?

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे येते. ती यंत्रांविषयी नाही, एका कागदाविषयी आहे. तपासणीआधी चार पानांचा एक अर्ज भरून घेतात. तंबाखूविषयी सहा प्रश्न, दारूविषयी पाच, आहाराविषयी नऊ, आणि त्यात पनीर आठवड्यातून किती वेळा खाता असाही एक प्रश्न. आईवडील, भावंडे, आजोळ यांच्याकडचे आजार. पाळीचा इतिहास. झोपेसाठी दोन चौकटी, 'चांगली' आणि 'अपुरी'. व्यवसायासाठी तीन, 'बैठा', 'मध्यम श्रमाचा' आणि 'कष्टाचा'. मी 'बैठा' वर खूण केली. आठवड्यात किती तास काम करता, हा प्रश्न चार पानांत कोठेही नव्हता. दिवसाचे पहिले काम किती वाजता सुरू होते आणि शेवटचे किती वाजता संपते, तेही कोणी विचारले नव्हते. सुट्टीच्या दिवशी काम करता का, हे विचारायची तर गरजच नव्हती. हॉलमध्ये एक नजर टाकली असती तरी पुरले असते.

हा प्रश्न विचारण्याजोगा आहे, हे माझे स्वतःचे मत नव्हे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी मे २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी, आणि हृदयाच्या रक्तपुरवठ्याच्या विकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. दीर्घ कामाच्या तासांमुळे या दोन कारणांनी २०१६ या एका वर्षात जगभरात सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे दगावली, असा त्यांचा अंदाज आहे. त्यातला एक बारकावा माझ्यासारखीने ध्यानात ठेवण्याजोगा आहे : हे मृत्यू बहुतांशी ६० ते ७९ या वयातले आहेत, आणि जादा काम झालेले आहे ते त्याआधी, वयाच्या पंचेचाळिशीपासून पुढे. म्हणजे आज पट्टी निर्दोष येते आणि हिशोब मागाहून येतो. पक्षाघाताचा धोका वाढवणाऱ्या तंबाखूला सहा प्रश्न आणि कामाच्या तासांना शून्य, हे प्रमाण कोणत्या शास्त्राने ठरवले, असे मी अभिप्रायाच्या वहीत लिहून आले. अजून उत्तर आलेले नाही.

असा प्रश्न दुसरीकडे विचारला जातो, हे मला माझ्या जपानी ग्राहकामुळे ठाऊक होते. तिकडच्या कायद्यानुसार डिसेंबर २०१५ पासून, ५० किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक ठिकाणी वर्षातून एकदा 'स्ट्रेस चेक' घेणे मालकावर बंधनकारक आहे. सरकारने शिफारस केलेल्या नमुन्यात ५७ प्रश्न आहेत. काम वेळेत उरकते का, कामाचा क्रम स्वतः ठरवता येतो का, वरिष्ठांशी, सहकाऱ्यांशी आणि घरच्या माणसांशी किती मोकळेपणाने बोलता येते, अशा धर्तीचे. निकाल थेट कर्मचाऱ्याच्या हाती पडतो आणि त्याच्या संमतीशिवाय मालकाला दाखवता येत नाही. ज्याचा ताण अधिक निघेल तो डॉक्टरची भेट मागू शकतो. घरच्यांशी मोकळेपणाने बोलण्याचा तो प्रश्न मी पहिल्यांदा वाचला तेव्हा थोडी थबकले होते. माझी मुलगी नववीत आहे. ती माझ्या खोलीत येते तेव्हा आधी दारातूनच स्क्रीनवरचे माइकचे चिन्ह लाल आहे की नाही ते पाहते. लाल असेल, म्हणजे माइक बंद असेल, तर बोलते, नसेल तर तशीच परत जाते. हे तिला कोणी शिकवलेले नाही.

जपानचे गुणगान करण्याचा हेतू नाही. अतिकामाने येणाऱ्या मृत्यूसाठी 'करोशी' असा स्वतंत्र शब्द घडवण्याची वेळ ज्या समाजावर आली, त्याने पुरेशी किंमत मोजल्यानंतर हे कायदे केले आहेत. करोशी रोखण्यासाठीचा कायदा २०१४ चा. जादा कामाला महिन्याला ४५ तासांची सर्वसाधारण मर्यादा, आणि अपवादात्मक परिस्थितीतही वर्षाला ७२० तासांची, ही दंडाच्या तरतुदीसह लागू झाली ती एप्रिल २०१९ पासून. या मर्यादेनंतर आमच्या ग्राहकाकडची मंडळी सायंकाळी वेळेवर उठू लागली. उरलेले काम कोठे जाऊ लागले, हे हिंजवडीत विचारले तर कोणीही सांगेल.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. महाराष्ट्रातील २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात मुळात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि जादा कामाला दुप्पट दर ठरवलेला आहे; सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा १० तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. मात्र व्यवस्थापकीय पदावरची माणसे या मर्यादेबाहेर राहतात. म्हणजे ज्या बढतीचे मी पेढे वाटले, तिच्यासोबत मी ४८ तासांच्या कुंपणाबाहेर आले होते, आणि नियुक्तिपत्राच्या अभिनंदनाच्या मजकुरात ही गोष्ट अर्थातच लिहिलेली नव्हती. कुंपणाच्या आत जे आहेत त्यांचे तरी तास कोठे नोंदले जातात? आमच्याकडे टाइमशीट असते, पण ती ग्राहकाला बिल लावण्यासाठी. ठरलेल्या रकमेच्या प्रकल्पात आठवड्याला ४५ च्या वर तास भरले, तर प्रकल्प तोट्यात दिसू लागतो आणि पहिला फोन मॅनेजरला येतो. म्हणून सगळे ४५ भरतात. मीही माझ्या हाताखालच्या मुलांना हेच शिकवले आहे. ही कबुली या अभिप्रायात गैरलागू वाटेल, पण तशी ती नाही. जो आकडा आम्हीच पुसतो तो डॉक्टरच्या अर्जावर कोठून येणार?

माझे वडील एस.टी.त कंडक्टर होते, सातारा आगारात. लहानपणी मला त्यांची कामाची वेळ कधीच कळली नाही; मुक्कामी गाडी लागली की दोन दिवस दिसत नसत, दिवाळीत तर डबल ड्युटी ठरलेली. पण गाडी कधी सुटली, कधी पोहोचली, ड्युटी किती तासांची झाली, सगळे कागदावर असे, आणि वरच्या तासांचा ओव्हरटाइम पगाराच्या चिठ्ठीत वेगळा दिसे. माझ्या तपासणीचा अहवाल पाहायला ते चष्मा लावून बसले होते. आकडे वाचून झाल्यावर म्हणाले, "मरणाचे काम आम्हीही केले, पण लिहून केले."

आता अहवाल. तो दुसऱ्याच दिवशी मोबाइलवर आला, आणि मांडणी उत्तम आहे. रक्तदाब १४६/९४, दहा मिनिटे बसवून पुन्हा घेतल्यावर १४२/९२. यकृतावर पहिल्या पायरीची चरबी. 'ड' जीवनसत्त्व ११, म्हणजे बरेच कमी. सूर्य उगवतो तेव्हा मी तोक्योबरोबर असते आणि मावळतो तेव्हा कार्यालयात, त्यामुळे याचे आश्चर्य वाटले नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ६.१. हा आकडा ५.७ च्या खाली ठीक, ६.५ पासून मधुमेह, मधले सगळे उंबरठ्यावरचे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीप्रमाणे देशात असे उंबरठ्यावरचे सुमारे १३ कोटी ६० लाख लोक आहेत, तेव्हा सोबत भरपूर आहे. ही तपासणी मात्र मला फार आवडली. उपाशीपोटीची साखर एका सकाळची गोष्ट सांगते. दोन दिवस पथ्य पाळून तिला फसवता येते. एचबीएवनसी मागच्या तीन महिन्यांचा हिशोब देते, म्हणजे बरोबर एका तिमाहीचा. नोव्हेंबर ते जानेवारी या तिमाहीत आम्ही दोन मोठ्या रिलीज वेळेवर दिल्या होत्या आणि मला कौतुकाचे प्रमाणपत्र मिळाले होते. त्याच तिमाहीचे हे दुसरे प्रमाणपत्र.

डॉक्टरांशी सल्लामसलत पॅकेजमध्ये धरलेली आहे. ती पुढच्या रविवारी झाली आणि सात मिनिटे चालली. डॉक्टर साठीच्या आसपासचे, शासकीय सेवेतून निवृत्त झालेले. बोलणे शांत, घाई केली नाही, पण बाहेर फायलींचा गठ्ठा होता आणि तो त्यांना दिसत होता. वजन पाच किलो उतरवा, रोज चाळीस मिनिटे चाला, रात्री ८ च्या आत जेवा, सात तास झोपा, ताण घेऊ नका. मी म्हणाले, माझा पहिला कॉल पहाटे साडेपाचला असतो. ते म्हणाले, मग त्याआधी अर्धा तास प्राणायाम करा. 'ताण घेऊ नका' या वाक्यात ताण घेणारा आहे, देणारा कोठेच नाही. परतताना गाडीत बसून मी हे वाक्य उलटसुलट करून पाहिले, तरी देणाऱ्यासाठी त्यात जागा सापडली नाही.

आहारतज्ज्ञ मुलीने दिलेल्या तक्त्याविषयी एवढेच सांगते, की तो ज्याच्या घरी दिवसभर कोणीतरी स्वयंपाकघरात असते आणि जो स्वतः दिवसभर मोकळा असतो, त्याच्यासाठी उत्कृष्ट आहे.

पॅकेजमधला सगळ्यांत कच्चा दुवा म्हणजे पाठपुरावा. तीन महिने एक 'आरोग्य मार्गदर्शक' दर पंधरवड्याला फोन करणार, असे माहितीपत्रकात छापलेले आहे. फोन आले, हे खरे. पहिला सायंकाळी ६ वाजता आला, मी बैठकीत होते. दुसराही ६ वाजता. तिसऱ्या वेळी मी कुजबुजत म्हणाले, की सकाळी ११ ला करा. पलीकडची मुलगी म्हणाली, मॅडम, आमची ही शिफ्ट दुपारी ३ ला सुरू होते आणि आज मला अजून पन्नास कॉल संपवायचे आहेत. तिचा आवाज बसला होता. चौथा फोन आला नाही. 'आपल्याशी संपर्क होऊ शकला नाही, त्यामुळे आपली नोंद बंद करत आहोत' असा संदेश आला, आणि त्याखाली सेवेला पाचपैकी किती तारे द्याल, असे विचारले होते.

त्याच आठवड्यात मनुष्यबळ विभागाचे पत्र सर्वांना आले. या वर्षी विक्रमी संख्येने कर्मचाऱ्यांनी तपासणी करून घेतली, याबद्दल अभिनंदन. खाली 'आरोग्य ही आपली जबाबदारी', आणि योगासन करणाऱ्या बाईचे चित्र. कंपनी हे कूपन का देते, याविषयी माझे मत हळूहळू पक्के होत गेले आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांत ४० वर्षांवरील कामगारांच्या मोफत वार्षिक तपासणीची तरतूद आहे, तेव्हा यापुढे ही तपासणी औदार्याची राहणार नाही. पण आजवर तिने एक काम चोख बजावले. माणसाच्या साखरेचा, चरबीचा आणि झोपेचा आकडा त्याच्याच हातात ठेवला, की बाकीचे आकडे कोणी मागत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करण्याचे आवाहन केले, जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे ९० तासांविषयीचे आणि रविवारीही काम करवून घेता येत नसल्याच्या खंतीचे बोलणे गाजले, तेव्हा आमच्या जेवणाच्या टेबलावर सगळे हसले होते. हसणाऱ्यांत ७० च्या खाली कितीजण होते, हे टाइमशीटवरून समजणार नाही. ज्या रविवारी आम्ही रांगेत उपाशी बसलो होतो, तो रविवार नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी झगडून मिळवला होता. १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांना ती सुट्टी लागू झाली. त्या कामगारांना लॅपटॉप नव्हता, म्हणून गिरणी बंद झाली की ती बंद असे.

मे महिन्यात साखर आणि रक्तदाब पुन्हा तपासायचा होता. तो खर्च कूपनात येत नाही. साडेसहाशे रुपये स्वतःचे द्यावे लागतात. या वेळी मी वडिलांच्या सल्ल्याने एक काम केले होते. मार्चपासून त्यांच्या वेबिलासारखी, म्हणजे कंडक्टरच्या फेऱ्यांच्या नोंदपत्रासारखी, एक वही केली, तीन रकान्यांची : सुरुवात, शेवट, एकूण. जेवणाचा वेळ वजा, फोनवरचे निरोप धरलेले. पहिल्या चार आठवड्यांची बेरीज ६३, ५८, ७१ आणि ६६ आली. पाचव्या आठवड्याच्या सोमवारी मी वरिष्ठांकडे जाऊन अमेरिकेचा ग्राहक सोडत असल्याचे सांगितले. वहीचे पान दाखवले नाही. धैर्य झाले नाही. प्रकृतीचे कारण दिले, ते त्यांनी चटकन मान्य केले.

डॉक्टर तेच होते. मी वही टेबलावर ठेवली. त्यांनी पाने उलटली, चष्मा काढून पुसला आणि विचारले, "यात रविवार धरले आहेत?" मी हो म्हणाले. मग त्यांनी मागच्या वेळी न विचारलेले बरेच विचारले. रात्रीच्या कॉलनंतर झोप किती वेळाने लागते, सकाळी उठल्यावर डोके जड असते का, घरी रक्तदाब मोजायचे यंत्र आहे का. ही भेट बावीस मिनिटांची झाली. एचबीएवनसी ५.९ वर आली होती, रक्तदाब मात्र खाली आलेला नव्हता. दोन आठवडे घरी सकाळ-संध्याकाळ मोजून आणायला सांगितले, आणि गोळीचा निर्णय त्यानंतर. केसपेपरवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिले, 'मार्च : आठवड्याचे काम सरासरी ६४.५ तास'.

बाहेर काउंटरवरची मुलगी केसपेपर संगणकात उतरवत होती. या ओळीपाशी ती अडली. जीवनशैली या सदरात धूम्रपान, मद्यपान, व्यायाम, आहार आणि 'इतर' एवढेच पर्याय होते. "मॅडम, हे कुठे टाकू?" तिने विचारले. मी म्हणाले, 'इतर' मध्ये टाका. त्या चौकटीत पूर्ण ओळ मावेना. छापील अहवाल हाती आला त्यावर लिहिले होते, 'इतर : ताण'.

कूपन असेल तर जरूर वापरावे. पहिली वेळ, म्हणजे साडेसातची, निवडावी. नऊनंतर सोनोग्राफीला गर्दी होते. लॅपटॉप घरी ठेवावा, आणि ते शक्य नसेल तर निदान चार ग्लास पाणी प्यायल्यानंतर उघडू नये. आठवडाभराच्या तासांची एक चिठ्ठी स्वतःच लिहून न्यावी, कारण ती तेथे कोणी मागणार नाही. पाचपैकी यंत्रांना आणि माणसांना साडेचार, अर्जाला एक.

मी सोडलेला अमेरिकेचा ग्राहक आता माझ्याच चमूतल्या एका सहकाऱ्याकडे आहे. त्याने तो मागून घेतला, आणि मिळाला त्या दिवशी पेढे आणले होते. वय ३६. कूपन मिळायला त्याला अजून चार वर्षे आहेत.